क्लाउडपर्यंत खासगी लाइन: पुण्यातल्या सर्व्हर रूमपासून एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनपर्यंत

कंपनीचं निम्मं काम क्लाउडवर गेलेलं असतं, पण कारखान्यातली यंत्रं, जुना डेटाबेस आणि फाइल सर्व्हर अजून चाकणलाच असतात. मग या दोन टोकांमधली सगळी वाहतूक इंटरनेटवरूनच न्यायची का, हा प्रश्न येतोच. त्यासाठी मोठ्या क्लाउड कंपन्या खासगी जोडणी देतात. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसमध्ये तिला डायरेक्ट कनेक्ट म्हणतात, मायक्रोसॉफ्टच्या अझूरमध्ये एक्स्प्रेसरूट आणि गूगलकडे क्लाउड इंटरकनेक्ट. तिघांचा गाभा एकच: तुमच्या राउटरपासून क्लाउडच्या राउटरपर्यंत इंटरनेटला न शिवणारा रस्ता. इथे उदाहरण घेतलं आहे पुणे परिसरातल्या एका ऑफिसचं आणि एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनचं (रीजन म्हणजे एका भागातल्या डेटा सेंटरचा समूह), जे २०१६ मध्ये सुरू झालं.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. ही जोडणी वेबसाइटवर बटण दाबून मिळणारी एक वस्तू नाही. ती तीन मालकांच्या तीन तुकड्यांची बनते: तुमचं ऑफिस, टेलिकॉम कंपनी आणि क्लाउड. त्यात चौथा येतो तो ज्या डेटा सेंटरमध्ये हे तुकडे जोडले जातात त्याचा मालक. काम रखडतं किंवा बिघडतं ते बहुतेक वेळा या सांध्यांवर. म्हणून पुढचं सगळं वाचताना प्रत्येक टप्प्यावर विचारत राहा: ही तार इथे संपते, पुढची कोणाची?

आधी व्हीपीएन पुरेल का ते पाहा

एडब्ल्यूएसची साइट-टू-साइट व्हीपीएन, म्हणजे दोन जागांमधला कूटबद्ध रस्ता, इंटरनेटवरूनच जाते, पण आयपीसेक या एन्क्रिप्शनच्या पद्धतीने कुलूपबंद असते. प्रत्येक जोडणीत दोन टनेल, म्हणजे दोन कुलूपबंद वाटा, मिळतात, नेहमीच्या एका टनेलची कमाल क्षमता १.२५ जीबीपीएस. राउटर तयार असेल तर ती एका दिवसात उभी राहते. खासगी लाइनला आठवडे लागतात, आणि रस्ता खोदायची परवानगी लागली तर महिने. त्यामुळे व्हीपीएन आधी उभी करा, काम सुरू करा. पुढे लाइन आली की हीच व्हीपीएन राखीव रस्ता म्हणून कामाला येते, म्हणजे मेहनत वाया जात नाही.

लाइन हवीच का, हे अंदाजाने ठरवू नका, गणित मांडा. रोज रात्री १० टीबी बॅकअप पाठवायचा असेल तर १ जीबीपीएसची लाइन काठोकाठ भरूनही ८०,००० सेकंद लागतात, म्हणजे बावीस तासांहून जास्त. रात्रीत ते मावत नाही. १० जीबीपीएसवर तेच काम सव्वादोन तासांचं. पण रोजचा बदल फक्त ५०० जीबी असेल तर १ जीबीपीएसवर ४,००० सेकंद, तास-सव्वातास. मग मोठ्या लाइनवर पैसे घालायचं कारण उरत नाही.

दुसरं गणित विलंबाचं. काचेच्या तारेतून प्रकाशाला एक किलोमीटर कापायला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. पुणे ते मुंबई फायबरचा मार्ग २०० किलोमीटर धरला तर जाऊन-येऊन २ मिलिसेकंद, त्यात उपकरणांचा थोडा वेळ. इंटरनेटवर हा आकडा दिवसभर हलत राहतो आणि संध्याकाळच्या गर्दीत चढतो. एक स्क्रीन उघडताना जुनं ईआरपी (कंपनीचे हिशोब, साठा, ऑर्डर सांभाळणारं सॉफ्टवेअर) डेटाबेसला एकामागून एक ४०० प्रश्न विचारत असेल, तर प्रत्येक फेरीला २ मिलिसेकंद म्हणजे पाऊण सेकंदाच्या वर थोडं, आणि १२ मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ पाच सेकंद. वापरणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. खासगी लाइनचा खरा फायदा वेगापेक्षा या स्थिरतेत आहे, असं आमचं मत आहे.

लाइन कुठे जाऊन मिळते

डायरेक्ट कनेक्ट लोकेशन म्हणजे एडब्ल्यूएसचं स्वतःचं डेटा सेंटर नव्हे. ती त्रयस्थ कंपनीची इमारत असते, जिथे एडब्ल्यूएसने आपले राउटर ठेवलेले असतात. मुंबईत चांदिवलीचं जीपीएक्स हे असं एक ठिकाण, २०२१ पासून ते इक्विनिक्सकडे आहे. नवी मुंबईत रबाळ्याला सिफीचं आहे. यादी वाढत असते, म्हणून ऑर्डर देताना कन्सोलमध्ये दिसणारी यादीच खरी मानायची. तुमची लाइन या इमारतीपर्यंत आणायची, तिथून पुढे रीजनपर्यंतचा रस्ता एडब्ल्यूएसचा.

आता प्रकार निवडायचा. डेडिकेटेड कनेक्शन म्हणजे एडब्ल्यूएसच्या राउटरवरचा एक अख्खा पोर्ट तुमचा: १, १०, १०० किंवा ४०० जीबीपीएस. होस्टेड कनेक्शन म्हणजे एडब्ल्यूएसच्या भागीदार कंपनीने आधीच घेतलेल्या पोर्टमधला एक वाटा. तो ५० एमबीपीएसपासून मिळतो आणि २५ जीबीपीएसपर्यंत जातो. मध्यम आकाराच्या कंपनीने होस्टेडपासून सुरुवात करावी. २०० किंवा ५०० एमबीपीएस पुरत असताना अख्खा पोर्ट अडवून ठेवण्यात अर्थ नाही, शिवाय डेटा सेंटरमधली जोडणी भागीदाराने आधीच करून ठेवलेली असते. त्याच्या दोन मर्यादा मात्र ठाऊक असू द्या. होस्टेड कनेक्शनवर एकच आभासी इंटरफेस (तारेतली एका वाहतुकीची वेगळी वाट, पुढे सविस्तर) बसतो. आणि ठरलेल्या वेगाच्या वर गेलेली पॅकेट्स एडब्ल्यूएस सरळ टाकून देतं, रांगेत उभी करत नाही. बॅकअप सुरू होताच बाकीचे प्रोग्राम अडखळायला लागले तर कारण बहुधा हेच असतं. उपाय तुमच्या राउटरवर: बाहेर जाणारी वाहतूक ठरलेल्या वेगाच्या थोडी खाली आवळायची, म्हणजे ट्रॅफिक शेपिंग लावायचं.

खर्चाचं थोडक्यात. १ जीबीपीएस डेडिकेटेड पोर्टचा दर ताशी ०.३० डॉलर आहे, महिन्याच्या ७३० तासांचे २१९ डॉलर. क्लाउडमध्ये येणाऱ्या डेटाला पैसे नाहीत, बाहेर जाणाऱ्याला आहेत, पण इंटरनेटवरून नेण्यापेक्षा कमी. टेलिकॉम कंपनीचं लाइनचं भाडं आणि डेटा सेंटरमधल्या क्रॉस कनेक्टचं, म्हणजे दोन पॅनेल जोडणाऱ्या तारेचं, मासिक भाडं वेगळं. कोटेशन मागताना हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी मांडा. नुसता पोर्टचा दर पाहून बजेट मंजूर करून घेतलं की नंतर अर्थखात्यासमोर पुन्हा जावं लागतं.

ऑर्डर देण्याआधी आयपी पत्ते

या कामातली सर्वांत महाग चूक तारेत होत नाही, एक्सेल शीटमध्ये होते. एडब्ल्यूएसमधल्या प्रत्येक खात्याला रीजनमागे एक तयार व्हीपीसी, म्हणजे क्लाउडमधलं खासगी नेटवर्क, मिळतं आणि त्याचा पत्ता नेहमी १७२.३१.०.०/१६ असतो (तिरप्या रेघेनंतरचा आकडा जितका लहान तितका पत्त्यांचा पट्टा मोठा). काही जण हाताने व्हीपीसी बनवतात आणि सवयीने १०.०.०.०/१६ देतात. तुमच्या ऑफिसातही १०.०.०.० पासूनच पत्ते वाटलेले असतील तर दोन्ही टोकांना एकच पत्ता येतो, आणि मग कोणताही राउटर पॅकेट कुठे पाठवायचं ते ठरवू शकत नाही. लाइन चालू होते, दिवे हिरवे लागतात आणि तरी काहीच पोचत नाही. व्हीपीसीचा मूळ पत्तापट्टा नंतर बदलता येत नाही. नवं व्हीपीसी बनवून सर्व्हर हलवावे लागतात.

म्हणून लाइनच्या चौकशीआधी एक पान तयार करा. ऑफिस, कारखाना, गोदाम, व्हीपीएनवरून येणारे कर्मचारी, क्लाउडमधली प्रत्येक व्हीपीसी यांना न टकरावणारे पट्टे द्या. उदाहरणार्थ पुण्यातल्या सगळ्या जागांना मिळून १०.२०.०.०/१६ आणि क्लाउडला १०.६०.०.०/१४. असे मोठे एकसंध पट्टे दिले की पुढे शेकडो लहान मार्गांऐवजी एकच मार्ग जाहीर करून भागतं. त्याचं महत्त्व बीजीपीच्या, म्हणजे राउटरांनी एकमेकांना मार्ग सांगण्याच्या पद्धतीच्या, वेळी कळेल.

याच पानावर एएसएन क्रमांक लिहा. बीजीपीमध्ये प्रत्येक नेटवर्कला असा क्रमांक लागतो, आणि खासगी वापरासाठी ६४५१२ ते ६५५३४ हा पट्टा राखून ठेवलेला आहे. डायरेक्ट कनेक्ट गेटवे (लाइनला व्हीपीसींशी जोडणारा) आणि ट्रान्झिट गेटवे (अनेक व्हीपीसी एकत्र जोडणारा) दोघंही काही न विचारता ६४५१२ उचलतात, आणि दोघांचा क्रमांक सारखा असला तर ते एकमेकांना जोडले जात नाहीत. डायरेक्ट कनेक्ट गेटवेचा क्रमांक नंतर बदलताही येत नाही, तो पुसून नवा करावा लागतो. तिघांना सुरुवातीलाच तीन वेगळे क्रमांक द्या: ऑफिसला ६५०१०, गेटवेला ६४६००, ट्रान्झिट गेटवेला ६४६१०, असे काहीही.

कागद आणि काच

डेडिकेटेड पोर्टची ऑर्डर कन्सोलमधून द्यायची: लोकेशन, वेग, नाव. एडब्ल्यूएसला आणखी माहिती हवी असेल तर खात्याच्या ईमेलवर विचारणा येते आणि सात दिवसांत उत्तर दिलं नाही तर ऑर्डर रद्द होते. बऱ्याच कंपन्यांत हा ईमेल पत्ता क्लाउडचं खातं उघडणाऱ्या जुन्या माणसाचा असतो, त्यामुळे आधी तो तपासा. साधारण ७२ तासांच्या आत एलओए-सीएफए नावाचं पत्र डाउनलोडला येतं. हे पत्र म्हणजे डेटा सेंटरला दिलेली परवानगी: अमुक इमारतीतल्या अमुक रॅकच्या पॅच पॅनेलवरच्या अमुक पोर्टला या ग्राहकाची तार जोडू द्या. हे पत्र टेलिकॉम कंपनीला द्यायचं, ती ते डेटा सेंटरला देते आणि तिथला तंत्रज्ञ दोन पॅनेलमध्ये पिवळी सिंगल-मोड तार टाकतो. यालाच क्रॉस कनेक्ट म्हणतात.

पत्राची मुदत ९० दिवस. पोर्टचं बिल तुमचा आणि एडब्ल्यूएसचा राउटर जोडला गेला की सुरू होतं, किंवा ऑर्डरपासून ९० दिवस झाले की, यातलं जे आधी घडेल तेव्हा. म्हणून क्रम असा ठेवा: टेलिकॉम कंपनीकडून आधी इमारतीची पाहणी करून घ्या, त्यांनी लेखी तारीख दिली की मगच पोर्ट मागवा. लास्ट माइल, म्हणजे तुमच्या इमारतीपर्यंतचा शेवटचा तुकडा, अजून रस्त्यावर अडकलेली आणि वापरात नसलेल्या पोर्टचं बिल सुरू झालेलं, हे टाळता येण्यासारखं नुकसान आहे.

ऑप्टिक्स, म्हणजे तारेत प्रकाश सोडणारी मॉड्यूल, दोन्ही टोकांना जुळायलाच हवीत. १ जीबीपीएसला १०००बेस-एलएक्स, १० ला १०जीबेस-एलआर, १०० ला १००जीबेस-एलआर४. ऑफिसात पडून असलेलं कमी अंतराचं मल्टिमोड एसआर मॉड्यूल इथे चालत नाही. १० जीबीपीएस आणि वरच्या पोर्टवर ऑटो-निगोशिएशन (दोन टोकांनी वेग आपसांत ठरवणं) बंद करून वेग आणि फुल डुप्लेक्स हाताने भरा. १ जीबीपीएसवर ते चालू की बंद, हे समोरच्या टोकावर ठरतं. टेलिकॉम कंपनीचं उपकरण मध्ये असेल तर त्यांच्याकडून लेखी घ्या आणि तसंच ठेवा.

तार जोडली आणि लिंक लागली नाही तर पहिला संशय दोन काचांच्या अदलाबदलीवर घ्या. एका तारेत दोन धागे असतात, एक पाठवायचा, एक घ्यायचा. दोन्ही बाजूंचा पाठवणारा धागा समोरासमोर आला तर दोघंही बोलतात आणि कोणीच ऐकत नाही. एका टोकाला धागे उलटे लावायला सांगा. हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण डेटा सेंटरच्या तंत्रज्ञाला बोलावण्याची वेगळी विनंती करावी लागते, म्हणून पहिल्या भेटीतच करून घ्या. दुसरा संशय प्रकाशाच्या पातळीवर. राउटरवर मॉड्यूलची माहिती काढली की आत येणारा प्रकाश डीबीएम या एककात दिसतो. १०जीबेस-एलआरसाठी तो उणे १४.४ ते ०.५ या दरम्यान हवा. उणे ३० किंवा ४० दिसत असेल तर प्रकाश येतच नाही: तार तुटली आहे, किंवा चुकीच्या पोर्टला लावली आहे. उणे १३ दिसत असेल तर लिंक लागेल, पण काठावर. कनेक्टर साफ करायला सांगा. काचेच्या टोकावरचा धुळीचा कण डोळ्यांना दिसत नाही, पण एवढं नुकसान तो सहज करतो. हाच आकडा एडब्ल्यूएसच्या बाजूनेही क्लाउडवॉच या त्यांच्या देखरेखीच्या सेवेत दिसतो, त्यामुळे प्रकाश कोणत्या तुकड्यात हरवतो ते फोनाफोनी न करता कळतं.

व्हीएलएएन, आभासी इंटरफेस आणि बीजीपी

काच जोडली गेली की वरचा थर. एकाच तारेतून वेगवेगळी वाहतूक न्यायला प्रत्येकीला व्हीएलएएन क्रमांकाचा टॅग लावतात. एडब्ल्यूएसमध्ये अशा प्रत्येक टॅगमागे एक आभासी इंटरफेस बनवायचा. प्रायव्हेट इंटरफेस व्हीपीसीकडे जातो, ट्रान्झिट इंटरफेस ट्रान्झिट गेटवेकडे, आणि पब्लिक इंटरफेस एडब्ल्यूएसच्या सार्वजनिक पत्त्यांकडे. दोन-तीन व्हीपीसी असतील तर प्रायव्हेट पुरतो. दहा-वीस असतील, वेगवेगळ्या खात्यांत असतील, तर ट्रान्झिट घ्या. पब्लिक इंटरफेस गरज नसताना घेऊ नका. त्यासाठी तुमचे स्वतःचे सार्वजनिक आयपी लागतात, त्यांच्या मालकीची पडताळणी होते, आणि त्या रस्त्याने एडब्ल्यूएसवरचे इतर ग्राहकही तुमच्या दारापर्यंत येऊ शकतात. तिथे इंटरनेटला लावता तसाच फायरवॉल लावावा लागतो.

इंटरफेस बनवताना भरायच्या गोष्टी: व्हीएलएएन क्रमांक (होस्टेडमध्ये तो भागीदार ठरवतो), तुमचा एएसएन, दोन्ही राउटरचे पत्ते आणि बीजीपीचा पासवर्ड. पत्ते रिकामे सोडले तर एडब्ल्यूएस १६९.२५४ पासून सुरू होणारी जोडी देतं. काही फायरवॉल या पट्ट्याशी नीट वागत नाहीत, तेव्हा आपल्या पानावरची एक /३० जोडी दिलेली बरी. त्यानंतर कन्सोलमधून तुमच्या राउटरच्या मॉडेलसाठी नमुना कॉन्फिगरेशन डाउनलोड होतं. तो नमुना आहे, जसाच्या तसा चिकटवू नका.

बीजीपीमध्ये दोन राउटर एकमेकांना सांगतात, "माझ्या मागे हे पत्ते आहेत." प्रायव्हेट आणि ट्रान्झिट इंटरफेसवर तुम्ही एडब्ल्यूएसला जास्तीत जास्त १०० मार्ग सांगू शकता. १०१ वा गेला की जास्तीचा मार्ग नुसता नाकारला जात नाही, अख्खं बीजीपी सेशन खाली पडतं. कारखान्यात कोणी नवी शाखा जोडली, त्या शाखेचे मार्ग आपोआप पुढे सरकले आणि भर दुपारी क्लाउड गायब झाला, याचं मूळ इथे असतं. म्हणून राउटरवर बाहेर जाणारी फिल्टर यादी लावा आणि तिच्यात फक्त आपले एकसंध पट्टे ठेवा.

लाइन लागली, पण बीजीपी नाही, तर खालून वर चढत जा. राउटरच्या एआरपी तक्त्यात (आयपी पत्त्यापुढे उपकरणाचा हार्डवेअर पत्ता, म्हणजे मॅक, दाखवणारी यादी) समोरच्या पत्त्याचा मॅक दिसतो का? दिसत नसेल तर व्हीएलएएन टॅग वाटेत कुठेतरी गळतो आहे. टेलिकॉम कंपनीला विचारा की त्यांच्या सर्व स्विचवरून तो क्रमांक जातो का. मॅक दिसतो, पण सेशन ॲक्टिव्ह या अवस्थेत अडकलं आहे: पासवर्ड, एएसएन किंवा टीसीपी १७९ (बीजीपी वापरतं तो पोर्ट) अडवणारा फायरवॉल. आयडल दिसतं आणि आधी चालू होतं: मार्गांची संख्या मोजा.

सेशन चालू, तरी सर्व्हर दिसत नाही

बीजीपी हिरवं झालं की अनेक जण काम संपलं समजतात. क्लाउडच्या आतला अर्धा रस्ता अजून उरलेला असतो. प्रायव्हेट इंटरफेस डायरेक्ट कनेक्ट गेटवेला जोडा, गेटवे व्हीपीसीच्या व्हर्च्युअल प्रायव्हेट गेटवेला. मग व्हीपीसीच्या राउट टेबलमध्ये राउट प्रॉपगेशन (बीजीपीतून कळलेले मार्ग आपोआप भरणं) चालू करा. ही शेवटची खूण राहिली तर पुण्याहून निघालेलं पॅकेट सर्व्हरपर्यंत पोचतं, पण उत्तराला परतीचा रस्ता माहीत नसतो. सबनेटला वेगळं राउट टेबल असेल तर त्यातही करा. त्यानंतर सिक्युरिटी ग्रुपमध्ये, म्हणजे सर्व्हरभोवतीच्या फायरवॉलच्या नियमांत, १०.२०.०.०/१६ ला परवानगी द्या, पिंगसाठी आयसीएमपीही, नाहीतर लाइन ठीक असूनही पिंग अपयशी दिसेल आणि तुम्ही टेलिकॉम कंपनीला उगाच फोन करत राहाल.

एस३ची, म्हणजे एडब्ल्यूएसच्या फाइल साठवण सेवेची, गोष्ट वेगळी सांगायला हवी. व्हीपीसीमध्ये एस३साठी गेटवे एंडपॉइंट फुकट मिळतो आणि सगळे तो लावतात, पण तो फक्त व्हीपीसीच्या आतल्यांसाठी आहे. पुण्यातल्या सर्व्हरला लाइनवरून तो वापरता येत नाही. तिथून एस३ला खासगी रस्त्याने जायचं तर इंटरफेस एंडपॉइंट लागतो, ज्याला व्हीपीसीमधला खासगी पत्ता असतो. हे न कळल्यामुळे बॅकअप महिनोन्महिने इंटरनेटवरूनच जातो आणि नवी लाइन रिकामी पडून राहते. लाइन सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात इंटरफेसवरून किती बिट्स जातात ते पाहाच.

नावांचं भाषांतर, म्हणजे डीएनएस, हेही राहून जातं. क्लाउडमधल्या खासगी नावांना पुण्यातला डीएनएस ओळखत नाही. राउट ५३ (एडब्ल्यूएसची डीएनएस सेवा) रिझॉल्व्हरचे इनबाउंड एंडपॉइंट रीजनमधल्या दोन वेगळ्या अव्हेलेबिलिटी झोनमध्ये बनवा आणि ऑफिसच्या डीएनएसमधून त्या नावांचे प्रश्न तिकडे वळवा.

आणि एक बिघाड असा, जो दिसायला जादूसारखा वाटतो: पिंग चालतं, लॉगिन होतं, पण मोठी फाइल कॉपी करताना सगळं थिजतं. हा एमटीयूचा, म्हणजे सर्वांत मोठ्या पॅकेटच्या मापाचा, प्रश्न. प्रायव्हेट इंटरफेस ९,००१ बाइटपर्यंतची पॅकेट्स घेतो, ट्रान्झिट ८,५००. तुम्ही मोठी पॅकेट्स चालू केलीत आणि टेलिकॉम कंपनीचा एखादा स्विच १,५०० वरच असेल तर मोठं पॅकेट तिथे गुपचूप टाकलं जातं. तपासायला तुकडे न करण्याची खूण लावून पिंग पाठवा: १,५०० साठी १,४७२ बाइट, ९,००१ साठी ८,९७३. उरलेले २८ बाइट हेडरचे. पूर्ण रस्त्याची लेखी खात्री नसेल तर १,५०० वरच राहा. बहुतेक कामांना तेवढं पुरतं.

दुसरा रस्ता

एक लाइन म्हणजे अर्धं काम. पुणे-मुंबई पट्ट्यात रस्त्यांची, मेट्रोची, पाइपलाइनची खोदाई सतत चालू असते आणि जेसीबीच्या दातांना फायबर दिसत नाही. दोन वेगळ्या कंपन्यांकडून लाइन घेतली की सुरक्षित झालो, हा मोठा गैरसमज आहे. दोघी एकाच डक्टमधून (जमिनीखालच्या नळीतून) गेल्या असतील तर एकाच खोदकामात दोन्ही जातात. कंपनीकडे मार्गाची केएमझेड फाइल मागा आणि गूगल अर्थवर दोन्ही मार्ग एकावर एक ठेवून पाहा. घाट, पूल आणि तुमच्या इमारतीच्या शेवटच्या दोनशे मीटरवर विशेष नजर टाका, कारण तारा तिथेच एकत्र येतात. इमारतीत शिरायच्या जागा दोन असतील तर एक लाइन मागच्या बाजूने घ्या. क्लाउडच्या बाजूला दुसरी लाइन दुसऱ्या इमारतीत उतरवा, एक चांदिवली तर एक रबाळे.

तार तुटल्यावर किती लवकर कळतं, हा वेगळा प्रश्न आहे. तुमच्या आणि एडब्ल्यूएसच्या मध्ये टेलिकॉम कंपनीचा स्विच असतो, त्यामुळे पलीकडची काच तुटली तरी तुमच्या पोर्टवरचा दिवा हिरवाच राहतो. मग बीजीपीला समोरचा गेला हे फक्त वेळ संपल्यावर कळतं, आणि ती वेळ सहसा ९० सेकंद असते. दीड मिनिट कारखान्याचं बिलिंग थांबतं. उपाय बीएफडी, म्हणजे समोरचा जिवंत आहे का हे सतत झटपट तपासणारी पद्धत. एडब्ल्यूएसच्या बाजूला तो आधीच चालू असतो, पण तुमच्या राउटरवर लावल्याशिवाय कामाला लागत नाही. ३०० मिलिसेकंद आणि तीन चुकले की मेला असं धरा, म्हणजे एका सेकंदाच्या आत वाहतूक दुसऱ्या रस्त्याला लागते.

मुख्य कोणता आणि राखीव कोणता, हे दोन्ही दिशांना वेगवेगळं सांगावं लागतं. तुमच्याकडून जाणारी वाहतूक तुमच्या राउटरच्या लोकल प्रेफरन्सने (मार्गाला दिलेल्या पसंतीच्या आकड्याने) ठरते. एडब्ल्यूएसकडून येणारी ठरते तुम्ही मार्गांना लावलेल्या कम्युनिटीने (बीजीपीतल्या खुणेच्या क्रमांकाने): ७२२४:७३०० मुख्य रस्त्याला, ७२२४:७१०० राखीवला. एकाच बाजूला सांगितलं तर पॅकेट एका लाइनने जातं आणि उत्तर दुसरीने येतं, आणि मध्ये दोन वेगळे फायरवॉल असतील तर दुसरा म्हणतो, हे संभाषण मी पाहिलंच नाही, आणि उत्तर टाकून देतो.

राखीव म्हणून व्हीपीएन ठेवली असेल तर एक सापळा आहे. सारखाच मार्ग दोन्हींवरून आला तर व्हर्च्युअल प्रायव्हेट गेटवे डायरेक्ट कनेक्टला पसंती देतो. पण व्हीपीएनवरून १०.२०.१.०/२४ आणि लाइनवरून १०.२०.०.०/१६ जाहीर केलं, तर व्हीपीएन जिंकते. पत्र वाटणारा पोस्टमन नुसत्या "पुणे" पेक्षा "कोथरूड, पुणे" लिहिलेला पत्ता धरतो, तसा राउटर नेहमी जास्त नेमका मार्ग निवडतो. त्यामुळे भाडं चालू असलेली लाइन मोकळी आणि वाहतूक इंटरनेटवर. दोन्हीकडे अगदी तोच पट्टा जाहीर करा.

चाचणी न केलेला राखीव रस्ता नाही असंच समजा. एडब्ल्यूएसच्या कन्सोलमध्ये ठरावीक वेळेसाठी बीजीपी मुद्दाम खाली पाडायची सोय आहे. रविवारी सकाळी, ईआरपीवर एक माणूस बसवून, ती वापरा. फक्त पिंग पाहू नका. बॅकअप, प्रिंटर, डीएनएस, लॉगिन, सगळं दुसऱ्या लाइनवर चालवून पाहा.

कुलूप

खासगी म्हणजे कूटबद्ध नव्हे. डायरेक्ट कनेक्टवरून जाणारा डेटा एडब्ल्यूएस आपणहून एन्क्रिप्ट करत नाही, तो फक्त इंटरनेटपासून वेगळा असतो. बँक, विमा, आरोग्य क्षेत्रातल्या लेखापरीक्षकांना हे उत्तर पुरत नाही. १० जीबीपीएस आणि वरच्या डेडिकेटेड पोर्टवर, ज्या लोकेशनवर सोय आहे तिथे, मॅकसेक, म्हणजे तारेच्या थरावरचं एन्क्रिप्शन, मिळतो. मात्र टेलिकॉम कंपनीची मधली उपकरणं त्याला तशीच जाऊ देतात का ते आधी विचारा. नाहीतर लाइनवरूनच आयपीसेक टनेल न्या, त्यात टनेलची मर्यादा आणि हेडरचं ओझं स्वीकारून, आणि टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल बाइट) १,३५० च्या आसपास बांधून. सगळ्यात साधा आणि टिकाऊ उपाय म्हणजे ॲप्लिकेशनमध्येच टीएलएस (सुरक्षित वेबसाइट वापरतात ते एन्क्रिप्शन). तो लाइन कोणतीही असली तरी सोबत राहतो.

अझूर आणि गूगलकडे काय वेगळं

अझूरचं एक रीजन पुण्यातच आहे, सेंट्रल इंडिया. एक्स्प्रेसरूटच्या प्रत्येक सर्किटमध्ये दोन जोडण्या असतात, म्हणून दोन /३० पत्ते लागतात आणि दोन्हींवर बीजीपी लावणं अपेक्षित असतं. एकच लावून गप्प बसणारे पुष्कळ. मायक्रोसॉफ्टचा एएसएन १२०७६. सर्किट बनवलं की सर्व्हिस की मिळते, ती टेलिकॉम कंपनीला द्यायची. पण बिल त्या कीच्या क्षणापासून धावतं, लाइन आली असो वा नसो. एडब्ल्यूएससारखी ९० दिवसांची सवड इथे नाही. गूगलच्या पार्टनर इंटरकनेक्टमध्ये पेअरिंग की देतात आणि तिथे क्लाउड राउटरचा एएसएन १६५५० असावाच लागतो.

बंद करताना

लाइन बदलायची किंवा काढायची झाली तर क्रम उलटा. आधी वाहतूक दुसऱ्या रस्त्यावर वळवा आणि एक दिवस तशीच चालू द्या. मग आभासी इंटरफेस पुसा, मग कनेक्शन पुसा. एडब्ल्यूएसचं बिल थांबतं, पण डेटा सेंटरमधली पिवळी तार आणि तिचं भाडं तसंच राहतं. क्रॉस कनेक्ट काढायची लेखी विनंती टेलिकॉम कंपनीमार्फत वेगळी करावी लागते, आणि लाइनच्या करारातली नोटिशीची मुदत आधी पाहून ठेवावी लागते. तिन्हींच्या बंद झाल्याच्या पावत्या मिळेपर्यंत फाइल उघडी ठेवा.